चौदाव्या लुईचे छापचित्र: नांतयचे घ्यावे की द्रव्हेचे?

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे एकच जुने छापचित्र संग्रहात घ्यायचे असेल, तर निवड बहुधा दोन कोरक कलावंतांच्या नावांपाशी येऊन थांबते: रोबेर नांतय आणि पिएर द्रव्हे. राजा तोच आणि तंत्रही तेच, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन या टोकदार हत्याराने रेषा कोरून कागदावर घेतलेला छाप. मात्र दोन्ही चित्रे ज्या काळात प्रसिद्ध झाली, त्यांत जवळपास अर्ध्या शतकाचे अंतर आहे आणि माझ्या मते हे अंतर पाहूनच निर्णय घ्यावा.

नांतयने लुईचे छापचित्र १६६४ मध्ये कोरले. १६६१ मध्ये माझारँ वारल्यावर नवा पंतप्रधान न नेमता राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतलेला हा राजा तेव्हा पंचविशीतला होता. नांतय राजाला समोर बसवून आधी रेखाटन करी आणि मग पत्राही स्वतःच कोरी, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर आणि कोरणारा हात यांच्यामध्ये दुसरे कोणी येत नाही. लंबवर्तुळाकार चौकटीत केवळ मस्तक आणि खांदे दिसतात. सिंहासन नाही, राजदंड नाही. गालांवर बारीक ठिपके आणि तुटक रेषा, तर केसांसाठी लांब, वळणदार रेषा अशी त्याची पद्धत असल्याने त्वचेचा मऊपणा निव्वळ काळ्या शाईतून जाणवतो, आणि हे मला आजही विलक्षण वाटते.

द्रव्हेचे चित्र रिगो या चित्रकाराच्या १७०१ च्या तैलचित्रावरून १७१४ च्या सुमारास तयार झाले. तोवर स्पेनच्या वारसाहक्काचे दीर्घ युद्ध संपत आले होते, १७११ मध्ये राजाचा मुलगा आणि १७१२ मध्ये नातू वारला होता, आणि स्वतः राजा पंचाहत्तरीला पोहोचला होता. चित्रात मात्र राज्याभिषेकाचा झगा मिरवणारा, अविचल आणि वैभवसंपन्न लुई उभा आहे. मखमल, अर्मिनची फर आणि लेस यांचा पोत केवळ रेषांनी वेगळा दाखवण्याचे द्रव्हेचे कौशल्य वादातीत आहे. हा छाप सुमारे ७० सेंटिमीटर उंच असल्याने त्याला भिंतच हवी.

चित्राखालचे साल पत्रा कोरल्याचे असते, छाप घेतल्याचे नव्हे, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. १७९७ मध्ये स्थापन झालेल्या, पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाच्या छापशाळेत जुन्या पत्र्यांवरून आजही छाप काढले जातात. म्हणून कागद उजेडासमोर धरून त्यात तारांच्या जाळीच्या समांतर रेषा दिसतात का, हे पाहावे. तशा रेषा नसलेला एकसंध कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रुळला, त्यामुळे त्यावरील नांतय उशिरा छापलेला समजावा. पत्रा झिजू लागला की नाजूक ठिपके आधी जातात आणि गाल सपाट, करडे दिसू लागतात.

राजाचा चेहरा हवा असेल तर नांतय, राजपदाची प्रतिमा हवी असेल तर द्रव्हे. मी स्वतः नांतयच घेईन, परंतु त्याचा झिजलेला छाप आणि द्रव्हेचा ठसठशीत छाप शेजारी ठेवले असतील, तर द्रव्हेचा घ्यावा.