करवंट्या, एक किल्ला आणि अडीच लाख पौंड

डून कॅसल, स्टर्लिंगजवळ, स्कॉटलंड. मे महिन्यात गेलो होतो, मी आणि रत्नागिरीहून आलेले आई-बाबा. मी ग्लासगोत अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे किल्ला बघतानाही डोक्यातला हिशोब काही थांबत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

आत शिरतो न शिरतो तोच दोन पोरं नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटत, घोड्यासारखी उड्या मारत समोरून गेली. मागून त्यांचा बापही तेच करत होता. बाबा थबकले. "हे काय गो? आपल्याकडे ह्या बंबात घालतात."

मग त्यांना सगळी कथा सांगावी लागली. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' हा १९७५ चा ब्रिटिश विनोदी सिनेमा, मॉन्टी पायथन नावाच्या विनोदी कलाकारांच्या कंपूने काढलेला. दंतकथांमधला राजा आर्थर आणि त्याचे सरदार. सरदार म्हटले की घोडे आले, आणि घोडे परवडत नव्हते. म्हणून राजा हातात लगाम असल्यासारखा नुसताच दुडक्या चालीने पळतो आणि मागून नोकर करवंट्या वाजवत येतो. बाबा तरुणपणी गणपतीत नाटकं बसवायचे. ते म्हणाले, "त्यात काय विशेष? आम्हीही विंगेत हेच करायचो. पण लपून करायचो."

खरं तर सगळी गोम त्या 'लपून'मध्येच आहे. पायथनवाल्यांनी गरिबी लपवली नाही, थेट कॅमेऱ्यासमोर आणली आणि लोक तिलाच हसले.

ऑडिओ गाइड घ्याच, नुसता किल्ला बघून अर्धीच मजा येईल. त्यात आवाज आहे टेरी जोन्सचा, सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एकाचा. तो २०२० मध्ये गेला. रिकाम्या दगडी दालनात उभं राहून त्याच्या तोंडून खोड्या ऐकताना मला जरा भरून आलं, हे आईला सांगितलं नाही. मधे मधे 'आउटलँडर' मालिकेबद्दलही माहिती येते, तिचंही चित्रीकरण इथे झालंय. मी मालिका पाहिलेली नाही, तेवढे भाग पुढे ढकलले.

किल्ला चौदाव्या शतकाच्या अखेरचा, अल्बनीच्या ड्यूकने बांधलेला. पण बघताना एक गंमत लक्षात ठेवा: सिनेमात जे वेगवेगळे किल्ले दिसतात त्यातले बहुतेक हेच. मंडळींनी स्कॉटलंडमधले बरेच किल्ले हेरून ठेवले होते, पण शूटिंगच्या तोंडावर परवानग्या नाकारल्या गेल्या. डून तेव्हा खाजगी मालकीचा होता, तो मिळाला. मग पूर्वेची भिंत एका किल्ल्याची, अंगण दुसऱ्याचं, मोठं दालन तिसऱ्याचं. अंगणात लग्नातली कापाकापी झाली, दालनात सरदार टेबलांवर नाचले. सरदारांची चिलखतं कसली, तर लोकरीची विणलेली आणि वरून चंदेरी रंग दिलेली. आईने विचारलं, "कोणी विणली?" तिचा प्रश्न योग्यच होता.

पैसे कुठून आले, तर गाणाऱ्यांकडून. पिंक फ्लॉइड आणि लेड झेपेलिनसारख्या बँडांनी पैसे घातले. त्या काळी ब्रिटनमध्ये मोठ्या कमाईवर कर इतका जबरदस्त होता की असा पैसा सिनेमात बुडाला तरी फारसं दुखत नसे. (माझ्या धंद्यातली माणसं हे वाचून गालात हसतील.) एकूण खर्च साधारण अडीच लाख पौंड. आज पन्नास वर्षांनीही लोक त्या सिनेमासाठी इथे तिकीट काढतात, आम्हीही काढलं.

किल्ल्याच्या गच्चीवर वारा खात बाबांशी माझा वाद झाला. मी म्हटलं, बघा, कमी पैशातच डोकं चालतं. लागलीच उदाहरणही दिलं. १९८० चा 'रेझ द टायटॅनिक', लॉर्ड ल्यू ग्रेडच्या कंपनीचा. खर्च चार कोटी डॉलरच्या घरात. जहाजाचं पंचावन्न फुटी मॉडेल बनवलं, ते बुडवायला माल्टात खास हौद बांधला. सिनेमा साफ आपटला. त्यापेक्षा अटलांटिक खाली उतरवला असता तर स्वस्त पडलं असतं, असं ग्रेड स्वतःच म्हणाल्याचं सांगतात.

बाबांनी शांतपणे विचारलं, "आणि 'गांधी'?"

आई लगेच पुढे आली. "रोहिणी हट्टंगडी! कस्तुरबा!" बाबांनी भर घातली, "आणि कोल्हापूरच्या भानू अथैया. भारताला पहिलं ऑस्कर त्यांनी आणलं." माझी बोलती बंद. १९८२ चा 'गांधी' ब्रिटिश मानाने महागडाच, सुमारे सव्वादोन कोटी डॉलरचा. अंत्ययात्रेच्या दृश्याला दिल्लीत तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. तिथे करवंट्या वाजवून भागलं नसतं. आणि त्याने पैसे कित्येक पटींनी परत केले.

मग उतरताना विचार करत होते. अडीच लाखांत काढलेले आणि आज कोणालाही न आठवणारे सिनेमेही ढिगाने असणारच, त्यांच्या किल्ल्यांना कोणी ऑडिओ गाइड लावत नाही. माझ्यापुरतं उत्तर एवढंच: ताळेबंदात खर्चाचा आकडा किती यापेक्षा तो पडद्यावर कुठे दिसला हे बघावं. 'गांधी'चा पैसा गर्दीत दिसला. टायटॅनिकचा हौदात गेला. पायथनवाल्यांकडे दाखवायला पैसाच नव्हता, म्हणून त्यांनी त्याचं नसणंच दाखवलं. फायदा असा की अडीच लाख वसूल व्हायला थोडी तिकिटंही पुरतात, चार कोटींना अख्खं जग रांगेत उभं करावं लागतं.

व्यवहाराचं बोलायचं तर स्टर्लिंगहून डूनला बस आहे, गावातून चालत दहा-बारा मिनिटं. परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, आमची डोळ्यांदेखत निघून गेली. खाण्याचं सोबत न्या. आमच्याकडे थालीपीठं होती, टीथ नदीकाठी बसून खाल्ली. गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नका, गोल जिने उंच आणि अरुंद आहेत. एक तारा त्यासाठी कापते, तक्रार अल्बनीच्या ड्यूककडे. बाकी चार पूर्ण.

करवंट्या विकत घ्यायला बाबांनी साफ नकार दिला. "अंगणात ढीग पडलाय नि इथे पौंड मोजू?" पण त्या पोरांकडून दोन मिनिटं मागून घेतल्या. पूर्वेच्या भिंतीखाली आई लगाम धरल्यासारखे हात करून पदर सावरत पुढे, आणि मागून बाबा अगदी तालात टापा वाजवत. व्हिडिओ माझ्याकडे आहे. तो इथे टाकायची परवानगी आईने दिलेली नाही.