पडदा निळा झाला तरी फोन वाजत नाही

तीस वर्षं सबस्टेशनला शिफ्ट ऑपरेटर होतो. रिटायर झालो, पण रात्री अडीचला जाग येते ती येतेच. मग मोबाइलवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून नासा दाखवतं ते पृथ्वीचं थेट प्रक्षेपण लावतो. फुकट आहे.

दिसतं काय? ढग, पाणी, कडेला कधी सौर पॅनेलचा कोपरा. बस्स. स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर, वेग ताशी २८ हजारांच्या आसपास, पण पडद्यावर सगळं कालव्याच्या पाण्यासारखं संथ सरकतं. मी हिशोब मांडून पाहिला. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आतच, म्हणजे याला दीड मिनिट. आमच्या जावयांना समृद्धीवरूनही आठ तास लागतात.

दीड तासात एक फेरी, त्यामुळे दिवसाला सोळा सूर्योदय. एक तरी बघाच. काळ्यावर आधी केसाएवढी निळी रेघ उमटते, ती हळूहळू जाड होते, आणि मग एकदम पॅनेलवर ऊन पडतं. तेवढ्यावर मला झोप लागते.

नवख्याला वाटेल मोबाइल बिघडला, कारण दर फेरीत साधारण अर्धा तास पडदा काळा. खाली रात्र असते. नशीब असेल तर विजा दिसतात, सबस्टेशनात आयसोलेटर, म्हणजे लाइन वेगळी करायचा मोठा स्विच, उघडताना ठिणगी उडते तशा, पण आवाज नाही. मधेच सिग्नल तुटला की पडदा निळा. पहिल्यांदा झालं तेव्हा माझा हात आपोआप उशाशी फोन शोधायला गेला. ड्युटीवर सबस्टेशनचं पॅनेल गेलं की आधी लोड डिस्पॅचचा, म्हणजे वीज नियंत्रण केंद्राचा फोन, मग साहेबांचा, मग गावातल्या लोकांचा, आणि शिव्या वेगळ्या. इथे काही नाही. ट्रिपिंग कुठलंही असो, ते माझं नाही. हे सुख तीस वर्षांत मिळालं नव्हतं.

एक सांभाळा. 'लाइव्ह' लिहून जुनी रेकॉर्डिंग, वर बासरी लावून चालवणारे पुष्कळ आहेत. कधीच अंधार होत नसेल, तर ते खोटं समजा. नासाचंच चॅनल उघडा.

परवा बायको उठली. "अहो, काळ्या पडद्याकडे काय बघताय?"

"लाइट गेलेत. येतील अर्ध्या तासात."

"तुमच्या ड्युटीत कधी आले होते एवढ्या लवकर?" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.