फिरता स्पीकरफोन: वायर अंगाला हवी की बॅगेत?

गेल्या काही वर्षांत माझ्या बॅगेत दोन स्पीकरफोन नांदले, म्हणजे लॅपटॉपला किंवा फोनला जोडून टेबलाच्या मधोमध ठेवायचे, सगळ्यांना मिळून कॉलवर बोलता-ऐकता यावं म्हणून. दोन्ही तळहाताएवढे, दोन्ही गोल, दोन्हींवर म्यूटचं तेच बटण आणि दाबल्यावर पेटणारं तेच लाल कडं. फरक म्हणाल तर एकाची यूएसबी वायर अंगालाच जोडलेली, काम झालं की बुडाच्या खाचेत गुंडाळून बसवायची. दुसऱ्याची वायर सुटी, दोन्ही टोकांना टाइप-सी, ठेवायला वेगळी पिशवी. घेताना मला हा फरक वाटलाच नव्हता. आता कोणी विचारलं, की कुठला घेऊ, तर मी सगळ्यात आधी वायरीबद्दलच बोलतो आणि समोरच्याला वाटतं, हा विषय टाळतोय.

नावं घेऊन सांगायचं तर जाब्राचा स्पीक ५१० आणि पॉलीचा सिंक २० हे अंगाला वायर असलेले. अँकरचा पॉवरकॉन्फ सुट्या वायरीचा. माझ्याकडचे दोन यांतले नव्हेत आणि कुठले ते मुद्दामच सांगत नाही. पुढे जी कुरकुर येणार आहे ती कंपनीबद्दल नाही, घडणीबद्दल आहे. माइक किती आणि बॅटरी किती चालते हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतंच. १५ तास, २० तास, २४ तास. एवढा वेळ मीटिंग चालली तर आधी माणसं संपतील.

एक गोष्ट मात्र खोक्यावर नसते. बोलणाऱ्याचं माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं, की त्याचा थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र होता तिथेच राहतो. म्हणून लांब टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस पलीकडे विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. माइक चार असोत की सहा, या गणितापुढे त्यांचं फारसं चालत नाही. तीन ते सहा माणसं एका टेबलाभोवती, इतपतच या वस्तूंचं काम. दोघेच असाल तर लॅपटॉपवरही भागतं. दहाजण असाल तर हा लेख सोडा आणि खोलीत कायमचं बसवायचं काहीतरी पाहा.

आवाजाच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करणं मला तरी जमलं नाही. सुट्या वायरीचा जरा भरदार आहे. त्यावर गाणी बरी वाजतात, पण ते काही घेण्याचं कारण होत नाही. अंगाला वायर असलेला थोडा नाकात बोलतो. दोन्ही बाजू एकदम बोलायला लागल्या तर दोघेही बऱ्यापैकी सावरून घेतात. हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. पलीकडच्याला एक ते वीस आकडे म्हणायला सांगायचं आणि मध्येच आपण बोलायला लागायचं. आपल्याकडे त्याचे आकडे गळायला लागले, किंवा त्याला आपली वाक्यं तुटक ऐकू आली, तर ती वस्तू परत करावी. हे माझं मत, मोजमाप नाही.

आता वायर.

सुटी वायर चोरीला जात नाही. ती कुणाच्या तरी फोनला लागलेली असते. दोन्ही टोकांना टाइप-सी म्हणजे ती खोलीतल्या प्रत्येकाच्या उपयोगाची. 'दोन मिनिटं देतोस का, माझा फोन मरतोय' असं म्हणून गेलेली वायर त्याच दिवशी परत आल्याचं मला आठवत नाही. मग ऐनवेळी दुसऱ्याची वायर मागायची. ती लावल्यावर स्पीकरफोन चार्ज होताना दिसतो, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच नसतो, कारण ती वायर नुसती चार्जिंगची निघते, डेटाच्या तारा तिच्यात नसतातच. यात पाच मिनिटं जातात. पलीकडचे लोक 'आम्ही आहोत इथे' असं लिहून कळवतात. शेवटी कोणीतरी म्हणतं, 'जाऊ दे ना, ब्लूटूथ लाव.'

खरा घोळ तिथून पुढे सुरू होतो.

ब्लूटूथवर गाणं ज्या वाटेने येतं त्या वाटेने कॉल येत नाही. माइक चालू झाला, की साधारणपणे दोन्ही बाजू हँड्सफ्री प्रोफाइलवर, म्हणजे ब्लूटूथच्या खास बोलण्यासाठीच्या वाटेवर, उतरतात. तिथे जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, नंतर आलेल्या पद्धतीत १६,०००. लॅपटॉप आणि स्पीकरफोन दोघांचंही नव्या पद्धतीवर जमलं तर बरं. नाही जमलं तर बोलणं जुन्या टेलिफोनच्या पट्टीत येऊन बसतं, म्हणजे अंदाजे ३०० ते ३,४०० हर्ट्झ. 'स'मधली सळसळ बरीचशी याच्या वर असते. ती कापली गेली, की 'साठ'चा 'आठ' व्हायला कितीसा वेळ लागतो? आमच्याकडे झाला. नग किती पाठवायचे ते ठरत होतं, इथून साठ गेले, तिथे आठ पोचले. दोन्हीकडच्यांनी समाधानाने फोन ठेवला. मेल आल्यावर उलगडा झाला. तेव्हापासून आम्ही आकडे तोडून तोडून सांगतो, बँकेत खातेक्रमांक सांगावा तसे.

त्यात विंडोजवर एकाच ब्लूटूथ साधनाची दोन नावं दिसण्याचा प्रकार अनेकांनी अनुभवला असेल, एक स्टिरिओ, एक हँड्सफ्री. घाईत आवाज स्पीकरफोनवर गेला आणि माइक लॅपटॉपचाच राहिला, की स्पीकरफोनमधली प्रतिध्वनी गिळणारी सोय बाजूलाच पडते. ती सोय स्वतःच्या स्पीकरमधून काय वाजतंय ते ओळखून स्वतःच्या माइकमधून तेवढं वजा करत असते. दुसऱ्याच्या माइकवर तिचा काय इलाज चालणार? मग पलीकडच्याला स्वतःचेच शब्द परत ऐकू यायला लागतात आणि तो बिचारा आपला हेडफोन बदलून पाहतो. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, बिघाड बहुधा त्याच्याकडे नसतो. पण हे कॉलवर समजावत बसणं म्हणजे आपल्याच हाताने स्वतःवर ठपका ठेवून घेणं.

हे सगळंही मी चालवून घेतलं असतं. चालवून घेतलं नाही ते पुढचं.

या स्पीकरफोनना एका वेळी दोन साधनांशी जोडलेलं राहता येतं, लॅपटॉप आणि फोन. जाहिरातीत ही सोय म्हणून येते. एकदा प्रवासात आमच्या एका सहकाऱ्याने आपला फोन त्या सुट्या वायरीच्या स्पीकरफोनला जोडला होता. काम झालं, सगळे विसरले. स्पीकरफोन विसरला नाही. पुढे एका मीटिंगमध्ये मुदतीवरून ताणाताणी चाललेली, मी नुकताच पलीकडच्यांना प्रश्न टाकलेला आणि हा सहकारी उशिरा दारात आला. स्पीकरफोनने बाईच्या आवाजात इंग्रजीतून जाहीर केलं, की जोडणी झाली. कोणाची, ते कोणाला कळलं नाही. दोन मिनिटांत त्याच्या आईचा फोन आला. त्याने खिशातून फोन काढून, पाठ वळवून, हळूच 'हॅलो' म्हटलं आणि टेबलाच्या मधोमध आईंचा आवाज घुमला, 'अरे, औषध घेतलंस का? आणि तुझा तो साहेब, अजून तसंच डोकं खातो का?'

साहेब म्हणजे मी.

हसण्यावारी गेलं ते गेलं. पण फोनचा कॉल आला, की लॅपटॉपचा आवाज मागे पडतो, त्यामुळे त्या अर्ध्या मिनिटात पलीकडे आमच्याकडून नुसती शांतता पोचली. त्यांनी उत्तर दिलं होतं, आम्ही ते ऐकलंच नव्हतं आणि आमचं गप्प बसणं त्यांनी नाराजी म्हणून घेतलं. पुढची दहा मिनिटं गैरसमज निस्तरण्यात गेली. त्या दिवसापासून तो स्पीकरफोन मी मीटिंगला नेलेला नाही.

कोणी म्हणेल, दोष स्पीकरफोनचा नाही, जोडून विसरणाऱ्याचा आहे. बरोबर आहे. जुनी जोडणी पुसता येते, मीटिंगआधी फोनचं ब्लूटूथ बंद ठेवता येतं. तुमची माणसं एवढी शिस्तीची असतील तर तुम्ही सुट्या वायरीचा खुशाल घ्या. वायर तुटली तर नवी लावता येते, हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. माझा अनुभव एवढाच, की मीटिंग सुरू व्हायच्या आधीच्या दोन मिनिटांत शिस्त कोणालाच आठवत नाही. हातात जे सोपं दिसतं तेच होतं. अंगाला वायर असेल तर सोपं म्हणजे वायर लावणं.

अंगाला वायर असलेल्यांपैकी बरेच ब्लूटूथही जाणतात, माझाही जाणतो. पण मी त्याची कोणाशी ओळखच करून दिलेली नाही. जाब्राच्या स्पीक ४१०ला तर ब्लूटूथच नाही. पूर्वी मला हे उणं वाटायचं.

त्याचीही दुखणी आहेत. वायर जिथे शरीरात शिरते ती मान नाजूक असते. रोज आवळून गुंडाळली तर तिथेच सोलते. आणि चार्जिंगही त्याच वायरीने होत असेल तर वायर गेली, की वस्तूच गेली म्हणायची. मी पहिला वेढा सैल सोडतो, अजून तरी तग धरून आहे. दुसरं, वायर आखूड असते. स्पीकरफोन टेबलाच्या मध्यावर हवा असेल तर लॅपटॉपही मध्यावर येतो, मग त्याच्या पंख्याची घरघर माइकला ऐकू जाते. लॅपटॉप थोडा तिरका ठेवून पंख्याचं तोंड दुसरीकडे केलं की बराच फरक पडतो. तिसरं म्हणजे माझ्या स्पीकरफोनची पिन जुनी, टाइप-ए. नव्या पातळ लॅपटॉपला तसं भोकच नसतं, म्हणून मध्ये अडॅप्टर लागतो. आता इतकं वायर-वायर करून शेवटी एक सुटा अडॅप्टर सांभाळायचा, यातला विनोद मला कळतो. मी तो पिनेवर कायमचा चढवून वर टेप गुंडाळली आहे. आज घेत असाल तर टाइप-सी पिनेचा मिळतो का ते आधी बघा. सिंक २० दोन्ही प्रकारांत निघालेला आहे.

मधला मार्ग डोंगलचा. डोंगल म्हणजे यूएसबीच्या भोकात बसणारा बिनतारी जोडणीचा तुकडा. लॅपटॉपमध्ये हा नखाएवढा डोंगल लावायचा, स्पीकरफोनशी तो आधीच जोडलेला असतो आणि लॅपटॉपला वाटतं यूएसबीचंच साधन लागलंय. दोन नावांचा घोळ टळतो. जाब्राच्या स्पीक ७१०बरोबर असा डोंगल येतो आणि तो ठेवायला स्पीकरफोनच्या अंगात जागाही आहे. वायरीचा तिटकाराच असेल तर हे बघावं. मला स्वतःला नखाएवढी वस्तू सांभाळण्याचा भरवसा वाटत नाही आणि फोन जोडायची वाट त्यातही उघडीच राहते.

टीम्सचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मीटिंगच्या अ‍ॅपचा, शिक्का असलेले आणि नसलेले असेही दोन प्रकार एकाच मॉडेलमध्ये दिसतील. तुमच्याकडे सगळं टीम्सवर चालत असेल तर त्या खास बटणाचा उपयोग आहे, नाहीतर ते बटण नुसतं बसून राहतं. यावर जास्त विचार करू नका.

पूर्वीच्या मीटिंगच्या खोल्यांत टेबलाच्या मधोमध तीन पायांचा एक फोन पसरलेला असायचा. पॉलिकॉमचा साउंडस्टेशन, १९९२ सालचा. समुद्रातल्या तारामाशासारखा दिसणारा. त्याची वायर टेबलाखालून थेट भिंतीत जायची. तो कोणी उचलून नेत नसे, कोणाच्या खिशातल्या फोनला तो ओळखत नसे आणि त्याला काय जोडलंय असा प्रश्न कधी पडला नाही. फिरती वस्तू घेताना त्याची आठवण काढणं तसं अन्यायाचंच. तरी माझा कल कुठे आहे हे एव्हाना लपलेलं नसेल.

सुट्या वायरीचा मी टाकून दिलेला नाही. तो आता घरी माझ्या टेबलावर असतो आणि फक्त माझ्या फोनला ओळखतो. एकट्याने लांबलचक कॉल ऐकायचे असतील, हात मोकळे हवे असतील, तर तो वायरवाल्यापेक्षा बरा पडतो आणि फोनला आपणहून चिकटतो हेही तिथे सोयीचंच होतं. त्याची मूळ वायर अलीकडेच सापडली. त्याच सहकाऱ्याच्या चार्जरला लावलेली होती. मी मागितली नाही.