लेस्टरच्या शाळेतला आरईचा तास: एका आजीचा अनुभव

इंग्लंडमधल्या लेस्टरला मुलीकडे येऊन मला पाच महिने होत आले. या दिवसांत मराठी घरांत हळदीकुंकू, वाढदिवस, सत्यनारायण असं जाणं झालं, आणि तीन निरनिराळ्या घरांत एकच प्रश्न आला. "काकू, शाळेत आरईचा तास असतो, त्याला मुलांना बसू द्यायचं का?" मी रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं, म्हणून मला विचारत असतील. तेव्हा तोंडी जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते. नात तिसरीत आहे. तिची वही मी पानन् पान वाचली, वर्गाच्या दोन भेटींना मदतनीस म्हणून गेले, एकदा तासालाही बसले. काही तक्रारी आहेत, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही.

आधी हा तास काय आहे ते. आरई म्हणजे रिलिजस एज्युकेशन. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने तो सक्तीचा झाला, तेव्हा शाळेत व्यवहारात ख्रिस्ती धर्मच शिकवला जाई. १९८८ च्या कायद्याने त्याचं स्वरूप बदललं. ख्रिस्ती परंपरा मुख्य, पण देशातल्या इतर प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही अभ्यासात आलेच पाहिजेत, असं ठरलं. मला मनापासून पटलेली गोष्ट म्हणजे हा अभ्यासक्रम लंडनहून छापून येत नाही. त्या त्या भागाच्या कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, वेगळा असतो. चर्च ऑफ इंग्लंडचे लोक, इतर पंथांचे आणि धर्मांचे लोक, शिक्षक आणि कौन्सिल असे चार गट बसून तो ठरवतात आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तपासतात. मी हे कौन्सिलच्या साध्या शाळेबद्दल लिहिते आहे. धर्मसंस्थांच्या शाळांचं गणित वेगळं असतं.

नातीच्या शाळेत आठवड्याला एक तास. या वर्षात ख्रिस्ती, हिंदू आणि शीख झाले, पुढच्या सत्रात इस्लाम आहे. शिवाय देव न मानणाऱ्यांचा विचारही एका धड्यात येतो, तो मला फार नीट मांडलेला वाटला.

आपल्याकडे घटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण धर्म शिकवणं आणि धर्मांविषयी शिकवणं यातला फरक कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालातच मांडला होता. डी.एड.ला आम्ही तो पाठ केला आणि परीक्षेत लिहून मोकळे झालो. शाळेत रोजचा परिपाठ व्हायचा: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष. माझ्या वर्गात कुणबीवाडीची, बौद्धवाडीची आणि मोहल्ल्यातली मुलं एका बस्करावर बसायची. ईदला माझ्याकडे शीरखुर्म्याचा डबा यायचा, गणपतीत मोदक मोहल्ल्यात जायचे. मशीद शाळेपासून दोनशे पावलांवर होती, बुद्धविहार ओढ्यापलीकडे. ३२ वर्षांत एकदाही मी वर्गाला घेऊन तिथे गेले नाही. सरांना विचारलंसुद्धा नाही. ही खंत मला इथे येऊन लागली.

आता तासाबद्दल.

हिंदू धर्माचा पाठ सुरू झाला तेव्हा वर्गात एक निळी प्लॅस्टिकची पेटी आली. अशा पेट्या इथल्या बऱ्याच शाळांत असतात, एकेका धर्माची एकेक. पेटीत पितळी तबक, छोटी घंटा, उदबत्तीचं घर, कुंकवाची डबी, गणपती आणि प्रत्येक वस्तूचं लॅमिनेट केलेलं कार्ड. कल्पना चांगली आहे. मुलांना हातात वस्तू मिळाली की त्यांचे डोळे बदलतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. पण घंटेतला लोलक तुटलेला होता, आणि डबी अगदी रिकामी. मुलं मुकी घंटा हलवून पुढे देत होती. ज्या घंटेचा नाद कळायला हवा तीच वाजत नसेल तर तिचं कार्ड वाचून काय हाती लागणार?

खरी तक्रार पुढची आहे. शिक्षिका चांगल्या मनाच्या, तरुण. त्यांनी नातीकडे वळून सांगितलं, "तू हिंदू आहेस ना, तुमच्याकडे दिवाळीत काय करतात ते वर्गाला सांग." सात वर्षांची पोर गोंधळली. इथल्या दिवाळीत ती बेलग्रेव्ह रोडची रोषणाई बघते, किल्ला तिने कधी केला नाही, पहाटेचं अभ्यंगस्नान तिला सुट्टी नसल्याने माहीत नाही. ती गप्प बसली. घरी येऊन माझ्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "आजी, मी हिंदू आहे आणि मलाच काही आलं नाही." कुठल्याही मुलाला त्याच्या धर्माचा वकील म्हणून उभं करू नये. हे मी मुलीमार्फत शाळेला लेखी कळवलं. ज्या पालकांना असा अनुभव येईल त्यांनीही कळवावं.

दुसरा प्रसंग वर्कशीटचा. त्यावर छापलं होतं, "हिंदू लोक शाकाहारी असतात." या वेळी मात्र नातीने हात वर केला आणि सांगितलं, "आमच्याकडे बांगडा करतात. आजी कोकम घालते." शिक्षिकेने काय केलं ते मी मुद्दाम सांगते. तिने वर्कशीट बाजूला ठेवलं, फळ्यावर तीन शब्द लिहिले: काही, बरेच, बहुतेक. मग म्हणाली, आजपासून कुठल्याही धर्माबद्दल वाक्य लिहिताना यातला एक शब्द आधी घालायचा. त्या दिवसापासूनच्या वहीत "काही ख्रिस्ती लोक रविवारी चर्चमध्ये जातात", "बरेच शीख केस कापत नाहीत" अशी वाक्यं आहेत. मी पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षं "अमुक लोक अमुक सण साजरा करतात" असं शिकवलं, पण हा एक शब्द कधी घातला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या शिक्षिकेला पैकीच्या पैकी गुण देईन.

पण या विषयाचा जीव भेटींमध्ये आहे. आम्ही होली बोन्स नावाच्या रस्त्यावरच्या गुरू नानक गुरुद्वाऱ्यात गेलो. २९ मुलं, दोन शिक्षिका, आम्ही चार मोठी माणसं. जोडे काढले, हात धुतले, सगळ्यांनी डोक्याला केशरी रुमाल बांधला. समजावून सांगायला सत्तरीचे एक सरदारजी होते. त्यांनी सांगितलं की गुरू ग्रंथ साहिब आमच्यासाठी नुसतं पुस्तक नाही, आमचे गुरू आहेत. रात्री त्यांना विश्रांतीच्या खोलीत नेतात आणि पहाटे पुन्हा दरबारात आणतात. एका मुलाने लगेच विचारलं, "पुस्तकाला झोप येते का?" शिक्षिका ओशाळल्या. सरदारजी मात्र त्याच्या उंचीला खाली बसले. "तुझी आजी घरी आली तर रात्री तिला दिवाणखान्यात दिवा लावून तशीच बसवून ठेवशील?" पोराने मान हलवली. "मग तू काय करशील?" "पांघरूण घालीन." "आम्हीही तेच करतो," सरदारजी म्हणाले. वरती गुरू ग्रंथ साहिबवर रुमाला, म्हणजे पांघरायचं वस्त्र, घातलेला होता, तो त्या मुलाने मग नीट निरखून पाहिला. असं उत्तर कुठल्या कार्डावर छापता येईल?

मग नातीने माझा हात ओढून सरदारजींना सांगितलं की ही माझी आजी, महाराष्ट्रातून आली आहे. त्यांनी चटकन म्हटलं, "नांदेड! हजूर साहिब!" गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये तिथे देह ठेवला, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, आमचे नामदेव महाराजही तुमच्या ग्रंथात आहेत. त्यांनी दोन्ही हात जोडले. "भगत नामदेवजी." मग ते वर्गाकडे वळले आणि सांगितलं की या आजींच्या मुलखातल्या एका शिंप्याची ६१ पदं या ग्रंथात आहेत आणि आम्ही त्यांच्यापुढे डोकं टेकवतो. दिवाळीच्या तासाला मान खाली घालून बसलेली माझी नात ताठ बसली. मला भरून आलं. पंढरपूरची पायरी आणि लेस्टरचा हा दरबार एका धाग्यात आहे, हे तिला मी घरी दहा वेळा सांगितलं असतं तरी असं पोचलं नसतं.

नंतर लंगर. डाळ, रोटी, खीर. आमच्यातल्या एका मुस्लिम मुलाच्या आईने स्वयंपाकघरात जाऊन विचारून घेतलं, सगळं शाकाहारी आहे म्हटल्यावर मुलाशेजारी मांडी घालून बसली आणि जेवली. लंगर शाकाहारी का असतो, हे मुलांना तिथेच समजलं: कुणालाही पंगतीतून उठावं लागू नये म्हणून.

दुसरी भेट ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन सेंटरची. पुढून पांढरा संगमरवर, मागे जुन्या चर्चची इमारत. १९८८ मध्ये इथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर आणि दिगंबर दोघांची मंदिरं एकाच छपराखाली आहेत, स्थानकवासींचा उपाश्रयही आहे. हे भारतात मला कुठे पाहायला मिळालं नव्हतं. मुलांना मुंगीसुद्धा मारायची नाही ही गोष्ट इतकी भावली की बाहेर पडल्यावर फुटपाथवर सगळी खाली बघत चालत होती. वेळ मात्र फार कमी ठेवला होता. पाऊण तासात जोडे काढणं आणि घालणं यातच पंधरा मिनिटं गेली.

अध्यात्माची बाजू मला सगळ्यात कच्ची वाटली. शाळेने मुलांचा आत्मिक विकासही साधावा, असं इथला कायदा म्हणतो. वर्गात त्यासाठी विजेवरची मेणबत्ती लावून पाच मिनिटं शांत बसवतात, आणि तिसऱ्याच मिनिटाला कुणीतरी दार उघडून उपस्थितीचा कागद मागतं. मृत्यूनंतर काय, यावर तक्ता होता: ख्रिस्ती काय मानतात, हिंदू काय, देव न मानणारे काय. माझे यजमान मागच्या वर्षी गेले. नातीने तक्ता पूर्ण केला आणि खाली आपल्या मनाने एक ओळ लिहिली, की आजोबा राजापूरच्या घरामागे फणसाजवळ आहेत. शिक्षिकेने बरोबरची खूण करून वही परत दिली. त्या ओळीपाशी कुणी दोन मिनिटं थांबायला हवं होतं. तक्ता भरला की धडा संपला, ही सवय शिक्षकांची सगळीकडे सारखीच, माझीही होती.

तरीही माझं मत ठाम आहे. इथे पालकांना कारण न सांगता मुलाला आरईतून पूर्ण किंवा थोडं काढून घेण्याचा हक्क आहे. एका मराठी गृहस्थांनी तसं पत्र लिहून ठेवलं होतं. "मुलीला दुसऱ्यांचं शिकवून आपलं विसरायला लावतील," असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना नातीची वही दाखवली. २०२१ च्या जनगणनेत या शहरात ख्रिस्ती सुमारे २५ टक्के, मुस्लिम २३ आणि हिंदू १८. म्हणजे त्यांच्या मुलीच्या बाकावर डावीकडे-उजवीकडे कोण बसतं ते उघड आहे. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथे हिंदू आणि मुस्लिम तरुणांत जी तेढ उसळली, तेव्हा फोनवर किती खोट्या गोष्टी फिरल्या ते मुलीने मला सांगितलं. त्या मुलांनी एकमेकांच्या देवळात-मशिदीत कधी पाऊल टाकलं होतं का, असं मला तेव्हापासून वाटत राहतं. तास एकटा काही करू शकणार नाही, पण त्या तासातून आपलं मूल उठवून बाहेर नेणं मला पटत नाही. त्या गृहस्थांचं पत्र अजून खिशातच आहे, शाळेत दिलेलं नाही.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण पेटीचा, घाईचा आणि मुलाला उभं करण्याचा कापला.

पालकांसाठी दोन गोष्टी. शाळेकडे आरईचा अभ्यासक्रम मागून घ्या, देतात. आणि भेटीच्या पत्राखाली "मदतीला येऊ शकाल का" अशी ओळ असते, तिथे हो लिहा. मागच्या आठवड्यात मी पेटीत माझे टाळ आणि एक तुळशीची माळ ठेवायला दिली. टाळ वाजतात, मी वर्गात वाजवून दाखवले. कार्ड नातीने लिहिलं: "काही हिंदू आषाढात पंढरपूरला चालत जातात." त्यावर एका मुलाने विचारलं, हिंदू नसलेलं कुणी चाललं तर चालतं का? मी सांगितलं, वारीत कुणी विचारत नाही. मशिदीची भेट पुढच्या महिन्यात आहे, तोवर माझं परतीचं तिकीट आहे. मुलीने त्या दिवशी रजा टाकली आहे.