पीआरके करून आठ महिने झाले: चष्मा गेला, पण सावकाश

चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनची चौकशी सुरू केली तेव्हा माझ्या डोक्यात त्यातली फक्त स्माईल ही पद्धत होती. ऑफिसातल्या मैत्रिणीने शुक्रवारी करून घेतलं आणि सोमवारी ती कामावर हजर. माझं वय ३७, नंबर उणे ५, कित्येक वर्षं तिथेच थांबलेला. घोडं अडलं ते कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, जाडीवर. साधारण माणसाचा कॉर्निया ५४० मायक्रॉनच्या आसपास असतो, माझा भरला ४९०.

डॉक्टरांनी समोरच्या कागदावर हिशेबच मांडला. लॅसिकमध्ये आधी ११० मायक्रॉनचा फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, उचलतात, मग खालचा भाग लेझरने झिजवतात. एका नंबरमागे ढोबळमानाने १५ मायक्रॉन, म्हणजे माझे ७५. फ्लॅप धरून १८५. खाली उरतात ३०५. किमान २५० उरायला हवेत, म्हणजे तसं बसत होतं. पण एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत हात गेला की पुढे कॉर्निया कमकुवत होऊन फुगण्याचा धोका वाढतो आणि मी ३८ टक्क्यांवर. ‘करता येईल, पण मी करणार नाही,’ असं ते म्हणाले आणि तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. स्माईलमध्ये फ्लॅप नसतो, बारीक छेदातून आतली चकती ओढून काढतात. पण स्माईललाही जाडी लागतेच. आयसीएलमध्ये बुबुळामागे लेन्स बसवतात, कॉर्निया झिजवावा लागत नाही. मोठ्या नंबरला ती उत्तम, पण उणे ५ साठी डोळ्याच्या आत शिरायची गरज त्यांना वाटली नाही. खर्चही सगळ्यांत जास्त.

राहिलं पीआरके. यात फ्लॅप नाही. कॉर्नियावरचा नाजूक थर काढून थेट लेझर मारतात आणि तो थर पुन्हा आपोआप येतो. पद्धत लॅसिकच्याही आधीची, त्यामुळे जाहिरातीत फारशी दिसत नाही.

लेझर चालू असताना जळकट वास येतो. घाबरू नका, काही भाजत नसतं. एक्सायमर लेझरची अतिनील किरणं आजूबाजूला जवळजवळ उष्णता न पोचवता ऊतींचे रेणू तोडतात. हे १९८१ मध्ये आयबीएममध्ये रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं, तेही सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर प्रयोग करून. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे.

आता खरी गोष्ट. पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात. कुणी ‘थोडं टोचतं’ म्हणालं तर ऐकू नका. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग, पाण्याच्या धारा, खोलीतला साधा बल्बही सहन होत नाही. घरात दुसरं माणूस हवंच, कारण ड्रॉपच्या बाटलीवरचं नावसुद्धा वाचता येत नाही. थर भरेपर्यंत डोळ्यावर ठेवलेली बँडेज लेन्स काढल्यावर आग थांबली, पण नजर लगेच आली नाही. एक दिवस स्वच्छ, दुसऱ्या दिवशी धुरकट. दुसऱ्या आठवड्यात कामाला बसले ती स्क्रीनवरची अक्षरं दुप्पट मोठी करून. नजर खऱ्या अर्थाने स्थिरावली तिसऱ्या महिन्याच्या सुमारास.

स्टिरॉइडचे ड्रॉप हळूहळू कमी करत बरेच आठवडे चालतात. कॉर्निया धूसर होऊ नये म्हणून ते लागतात, पण त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणून बरं वाटत असलं तरी तपासणीला जायचंच. उन्हात गॉगल सक्तीचा.

आज दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचते. डोळे चोळणं कायमचं बंद. कोरडेपणा आहे, एसीत जास्त, त्यामुळे पर्समध्ये ल्युब्रिकंट असतंच. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं, आधीपेक्षा कमी, पण आहे.

फोनवरच ‘या महिन्यात स्माईलवर ऑफर आहे, स्लॉट बुक करू का?’ विचारणाऱ्या एका सेंटरमध्ये मी गेलेच नाही. टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, न बघता पद्धत सांगणाऱ्याकडे आपले डोळे द्यायचे नाहीत. मेडिक्लेमची आशाही धरू नका, ७.५ पेक्षा कमी नंबरचं ऑपरेशन पॉलिसीत वगळलेलं असतं.

चाळिशी मात्र यातून सुटत नाही, वाचायला चष्मा लागणारच. एका डोळ्यात थोडा उणे नंबर मुद्दाम ठेवला तर ते लांबवता येतं, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. मी रात्री गाडी चालवते, म्हणून नको म्हटलं.