भिंतीवरचं ॲप : एका वापरकर्तीचा अभिप्राय

आमचा भाचा कालनिर्णयला 'भिंतीवरचं ॲप' म्हणतो. पान उलटलं की 'अपडेट आलं', आणि पंखा जोरात असला की 'मावशी, तुझं ॲप हँग झालंय, फडफडतंय!' हसू दे मेल्याला. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली सुरू केलेलं हे ॲप चार्जिंग मागत नाही.

माझा खरा वापर दुधाच्या हिशोबाचा. खाडा असला की तारखेवर फुली, जादा घेतलं की 'अर्धा'. गॅस लावला त्या दिवशी चौकटीत 'सि.' लिहायचं. महिनाअखेरीला दूधवाल्या भाऊंनी मोबाइल काढला की मी भिंतीकडे बोट दाखवते. गेल्या महिन्यात त्यांचे तीन खाडे निघाले, माझे पाच. पैसे पाचाचेच वळते झाले.

संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे विचारायला तोच भाचा भिंतीपाशी येतो. उपास माझा, पण मोदकांची घाई त्याला! मागच्या बाजूचं मी निवांत दुपारी वाचते. त्यासाठी कॅलेंडर खिळ्यावरून काढायचं, आणि परत लावताना दोरा काही सापडत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या खिळ्याचा कापला. तो आमच्याच ह्यांनी फार वर ठोकलाय.