भारत-फ्रान्स संबंधांवरील अभ्यासवर्ग : पैसे वसूल, टिपणे मात्र तपासून घ्यावीत

नागपूरच्या धरमपेठेत दोन रविवारी झालेल्या या अभ्यासवर्गाचे ६०० रुपये शुल्क मला जड वाटले नाही. १९९८ मध्ये सामरिक भागीदारी जाहीर झाली आणि त्याच वर्षी पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिका व जपानने निर्बंध लादले असताना फ्रान्सने तो मार्ग का टाळला, हे व्याख्यात्यांनी इतके उलगडून सांगितले की चहा निवून गेला तरी कोणी उठले नाही. मुंबईच्या माझगाव डॉक गोदीत फ्रेंच रचनेवर बांधलेल्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा विषय मात्र घाईत उरकला. खरा रंग भरला तो मिहानच्या, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या उद्योगक्षेत्राच्या चर्चेत. फ्रान्सच्या राफेल लढाऊ विमानांच्या कराराच्या निम्म्या किमतीइतके काम भारतात देण्याच्या ऑफसेट अटीचा आणि आपल्या खापरीपलीकडे तयार होणाऱ्या, राफेलच्याच दसॉ कंपनीच्या फाल्कन विमानांच्या सुट्या भागांचा संबंध त्यांनी फळ्यावर आकृती काढून दाखवला. नागपूरकरांना हे घराजवळचे असूनही बहुधा ठाऊक नसते.

छापील टिपणांत ३६ राफेलच्या कराराचे वर्ष २०१५ पडले आहे; ती केवळ घोषणा होती, करार २०१६ चा. मागच्या रांगेत पंख्याच्या घरघरीमुळे प्रश्नोत्तरे ऐकू येत नाहीत, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसावे.